ग्रामपंचायतीतली घरपट्टीची नोंद: नमुना ८ कसा मिळवायचा, कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा: गावात आजोबांच्या नावावर घर आहे. आजोबा आणि वडील दोघेही हयात नाहीत. घरात चुलते राहतात, घरपट्टीही तेच भरतात. विचारणारे शहरात असतात. घराची ग्रामपंचायतीतली नोंद कुठे आणि कशी मिळेल, लावलेला कर बरोबर आहे का हे कसं ओळखायचं, आणि त्या उताऱ्यावरून घर कोणाचं ठरतं, हे त्यांना हवं आहे.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण त्यातच लोकांच्या दोन-तीन फेऱ्या वाया जातात. गावात 'आठ'चे दोन उतारे असतात. गाव नमुना ८अ हा महसूल खात्याचा, म्हणजे तलाठ्याकडचा. त्यात एका खातेदाराच्या नावावर गावात किती शेतजमीन आहे आणि तिचा सारा किती, एवढंच असतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही वेगळी वही आहे. तिचं नाव कर आकारणी नोंदवही. घर, दुकान, गोठा, गिरणी, रिकामी जागा अशी गावातली प्रत्येक मिळकत त्यात असते. घरपट्टी याच वहीवरून निघते. ऑनलाइन सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर 'आठ अ' काढून त्यात घर शोधत बसलात तर ते कधीच सापडणार नाही. कोकणात याच नमुना ८ ला 'असेसमेंटचा उतारा' म्हणतात, इतरत्र 'घराचा उतारा' किंवा 'घरपट्टीचा उतारा'. अर्जावर मात्र 'ग्रामपंचायत नमुना नंबर ८' असंच लिहा.

पदांची नावंही अलीकडे बदलली आहेत. २०२४ पासून ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी यांना 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणतात आणि तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी'. बोलण्यात जुनीच नावं चालतात. अर्जाच्या मायन्यात नवं नाव लिहा.

कोणत्या वहीत काय असतं

एका घराच्या करामागे चार कागद असतात आणि चारही एकमेकांशी जुळायला हवेत. नमुना ८ सांगतो की कर कोणावर, कशाच्या आधारे आणि किती बसवला. नमुना ९ ही मागणी नोंदवही. त्यात दर वर्षाची मागील बाकी, चालू मागणी, एकूण आणि वसुली दिसते. नमुना ९क म्हणजे तुमच्या दारात येणारं मागणी बिल. नमुना १० म्हणजे कर भरल्याची पावती.

बहुतेक लोक नमुना ८ तेवढा मागतात आणि तिथेच थांबतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की नमुना ९ ची नक्कलही त्याच अर्जात मागा. नमुना ८ मध्ये दर चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीचं चित्र असतं. मधल्या वर्षांत पैसे कोणत्या खात्यावर जमा झाले, थकबाकी कुठून आली, हे फक्त नमुना ९ मध्ये कळतं. वाद नावाचा असो की रकमेचा, उलगडा तिथूनच सुरू होतो.

उतारा मिळवताना

हातात काय असेल तर काम लवकर होतं? सगळ्यात उपयोगी म्हणजे एखादी जुनी पावती. तिच्यावर मिळकत क्रमांक असतो. पावती नसेल तर ज्याच्या नावावर नोंद असण्याची शक्यता आहे त्याचं पूर्ण नाव, आळीचं किंवा वाडीचं नाव आणि शेजारच्या दोन घरांच्या मालकांची नावं लिहून न्या. शेजाऱ्यांची नावं फार महत्त्वाची, ती का ते पुढे येईलच.

नमुना ८ चा उतारा ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. शुल्क २० रुपये, मुदत पाच दिवस. अर्ज ग्रामपंचायतीत, तिथल्या आपले सरकार सेवा केंद्रात किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर करता येतो. 'साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या आठवड्यात या' असं उत्तर आलं तर वाद घालू नका. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पाच दिवसांची मुदत अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते, तोंडी विचारणेपासून नाही. मुदत टळली तर अपील पंचायत समितीत करायचं.

'महाईग्राम सिटिझन कनेक्ट' या अॅपवरही ज्या ग्रामपंचायतींनी माहिती भरली आहे तिथली करमागणी दिसते आणि रक्कम भरता येते. अॅपवरची माहिती पडताळणीला चांगली, पण ती त्या दिवशी संगणकात जे भरलेलं आहे तेवढीच. हस्तलिखित वहीतून संगणकात नोंदी उतरवताना 'गणपत'चा 'गणपती' होणं, आडनाव गळणं, क्षेत्रफळातला दशांश चिन्हाचा ठिपका सरकणं हे सर्रास झालेलं आहे. म्हणून संगणकी उतारा आणि मूळ वहीतलं पान यांत फरक वाटला की मूळ पानाची साक्षांकित प्रत मागायची.

जुनी नोंद हवी असेल तर काम थोडं किचकट होतं. फेरआकारणी झाली की पुष्कळ गावांत मिळकत क्रमांक नव्याने पडतात. नवीन घरं मध्ये येतात, एका घराचे तीन भाग होतात, आळीची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून धरली जाते. आज ४१२ असलेला क्रमांक मागच्या आकारणीत ३८७ आणि त्याआधी २०३ असू शकतो. जुन्या वहीत ४१२ उघडून 'इथे तर दुसऱ्याच माणसाचं घर आहे' असा निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक. शेजाऱ्यांची नावं इथे कामाला येतात. वहीत मिळकती गल्लीच्या क्रमाने लिहिलेल्या असतात. ओळीने अलीकडचं आणि पलीकडचं घर कोणाचं हे जुळलं की मधली नोंद तुमच्या घराची. असं एकेक आकारणी मागे जायचं आणि प्रत्येक वेळी क्रमांक, नाव, क्षेत्रफळ आणि शेरा टिपून ठेवायचा. ही साखळी एकदा तयार झाली की नाव नेमकं कोणत्या आकारणीत बदललं ते बोट ठेवून दाखवता येतं.

जुन्या वह्या सहजासहजी दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, प्रती दर पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जाची भाषा नेमकी ठेवा. 'आमच्या घराची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत तर उत्तर टाळायला जागा मिळते. त्याऐवजी असं लिहा: 'सन अमुक ते अमुक या फेरआकारणीच्या नमुना ८ मधील मिळकत क्रमांक अमुक असलेल्या पानाची, तसेच त्या मिळकतीच्या नावात बदल करणाऱ्या मासिक सभेच्या ठरावाची आणि त्यासाठी सादर झालेल्या अर्ज व कागदपत्रांची साक्षांकित प्रत.' आणि सोबत वहीचं प्रत्यक्ष अवलोकन करू देण्याची मागणीही करा, कारण क्रमांक माहीत नसेल तर पानं चाळल्याशिवाय पर्याय नसतो.

नोंद अजिबातच सापडत नसेल तर आधी कार्यालय बरोबर आहे का ते बघा. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन गावांच्या वह्या एकत्र असतात. ग्रामपंचायतीचं विभाजन झालं असेल तर जुन्या वह्या बहुधा मूळ ग्रामपंचायतीतच राहिलेल्या असतात. तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, तिथलं दप्तर नगरपंचायतीकडे गेलं. पुण्याच्या भोवतालची गावं २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत गेली. तिथे ग्रामपंचायत काळातला नमुना ८ हवा असेल तर महापालिकेच्या संबंधित कार्यालयातच विचारावं लागतं.

उतारा वाचताना

उतारा हातात आला की लोक थेट शेवटच्या रकान्यातली रक्कम बघतात. वाचन डावीकडून करा.

सुरुवातीला रस्त्याचं किंवा आळीचं नाव, मग सिटी सर्व्हे क्रमांक किंवा गट क्रमांक, मग मिळकत क्रमांक. मधला रकाना रिकामा असेल तर तेवढ्याने घाबरू नका, सिटी सर्व्हे न झालेल्या गावठाणात तो रिकामाच असतो. तिथे गट क्रमांक लिहिलेला असेल तर मात्र घर गावठाणाबाहेर, शेतजमिनीवर आहे, आणि मग त्या गटाचा सातबारा काढणं ओघानेच आलं.

त्यानंतरचे दोन रकाने सगळ्यात जास्त वादाचे: मालकाचं नाव आणि भोगवटा करणाऱ्याचं नाव. मालकाच्या रकान्यात आजोबा आणि भोगवट्याच्या रकान्यात चुलते, अशी नोंद असेल तर ती गैर नाही. घरात प्रत्यक्ष कोण राहतं तेवढंच दुसरा रकाना सांगतो. भोगवट्यात 'स्वतः' लिहिलं असेल तर मालकच राहतो असा अर्थ. भाडेकरूचं नावही तिथेच येतं. काळजी करायची ती मालकाच्या रकान्यातलं आजोबांचं नाव जाऊन तिथे एकट्या चुलत्यांचं नाव आलं असेल तर. अशा वेळी नजर थेट शेवटच्या शेऱ्याच्या रकान्याकडे न्या. रीतसर बदल झाला असेल तर तिथे 'मा. स. (म्हणजे मासिक सभा) ठराव क्र. ७, दि. अमुक, वारस नोंद' अशा धाटणीची ओळ असते. शेरा कोरा आणि नाव मात्र बदललेलं, असं असेल तर तो बदल कशाच्या आधारे झाला हे ग्रामपंचायतीला दाखवावं लागेल. फेरआकारणीत नवी वही लिहिताना, ठराव नसतानाही 'घरात कोण राहतं' ते विचारून तेच नाव मालक म्हणून उतरवलं गेलं, असं पुष्कळ ठिकाणी घडलेलं आहे. त्यात दरवेळी कोणाचा डाव असतोच असं नाही, पण परिणाम तोच होतो.

पुढे मिळकतीचं वर्णन, बांधकामाचं वर्ष, लांबी-रुंदी, क्षेत्रफळ, जमिनीचा आणि बांधकामाचा दर, घसारा (घर जुनं झाल्यामुळे किमतीत धरलेली घट), भारांक (वापरानुसार लावायचा गुणक), भांडवली मूल्य, कराचा दर आणि मग वेगवेगळ्या करांच्या रकमा. 'घरपट्टी' म्हणून आपण एकच आकडा बोलतो, पण त्यात इमारतीवरचा कर, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि सामान्य पाणीपट्टी अशा वेगळ्या रकमा असतात. घरात स्वतंत्र नळजोडणी असेल तर विशेष पाणीपट्टी निराळी. 'घरपट्टी दुप्पट झाली' अशी तक्रार करण्याआधी यातला नेमका कोणता रकाना वाढला ते बघा. बरेचदा इमारतीचा कर तेवढाच असतो आणि वाढलेली असते पाणीपट्टी.

रक्कम कशी निघते

ग्रामपंचायत कर आकारते ती महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत कर व फी नियम, १९६० प्रमाणे. पूर्वी चौरस फुटावर ठरावीक दर लावत. डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीपासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. म्हणूनच जुन्या आणि नव्या उताऱ्यांचे रकाने जुळत नाहीत. जुन्या उताऱ्यात भांडवली मूल्य दिसलं नाही तर तो उतारा अपुरा आहे असं समजू नका.

पद्धत अशी. इमारतीचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक इमारतीचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा वजा जाता उरलेली टक्केवारी, आणि त्याला वापरानुसार भारांकाने गुणायचं. दोन्ही दर मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून, म्हणजे रेडीरेकनरमधून येतात. भारांक निवासी वापराला १, औद्योगिक वापराला १.२० आणि वाणिज्यिक वापराला १.२५. आलेल्या भांडवली मूल्यावर दर हजार रुपयांमागे पैशांत कर लागतो. झोपडी किंवा मातीच्या घराला ३० ते ७५ पैसे, दगड-विटांच्या मातीकाम केलेल्या घराला ६० ते १२० पैसे, दगड-विटांच्या चुना-सिमेंटच्या पक्क्या घराला ७५ ते १५० पैसे आणि आरसीसी घराला १२० ते २०० पैसे. या किमान-कमाल मर्यादेत नेमका दर ग्रामपंचायत ठरावाने ठरवते. एकाच गावात एकाच प्रकारच्या दोन घरांना दोन दर लावता येत नाहीत.

आकडे घालून बघू. दर उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावाचे तक्त्यातून घ्या. घर विटा-सिमेंटचं, ६०० चौरस फूट, म्हणजे ५५.७४ चौरस मीटर. जमिनीचा दर चौरस मीटरला ५०० रुपये, बांधकामाचा १२,००० रुपये, घसारा धरून उरलेली किंमत ८० टक्के, निवासी वापर. जमिनीचा भाग २७,८७० रुपये. बांधकामाचा भाग ५,३५,१०४ रुपये. भांडवली मूल्य ५,६२,९७४ रुपये. कराचा दर हजाराला १०० पैसे असेल तर इमारत कर साधारण ५६३ रुपये.

आता याच घराच्या नोंदीत काय चुकू शकतं ते पाहा. बांधकामाचं वर्ष चुकीचं, अलीकडचं लिहिलं आणि घसारा धरलाच नाही, तर कर ६९७ रुपये होतो. प्रकार 'आरसीसी' लिहून १५० पैसे दर लावला तर ८४४. ओटीवर कधीकाळी किराणा दुकान होतं म्हणून अख्खं घर 'वाणिज्यिक' राहिलं तर सुमारे ७००. आणि चौरस फुटांचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात पडला तर कर एकदम सहा हजारांवर जातो. शेवटची चूक विचित्र वाटेल, पण संगणकीकरणात ती होते. अचानक दहापट मागणी आली की आधी तोच रकाना तपासावा.

म्हणून टेप घेऊन घर स्वतः मोजा. बाहेरून बाहेर लांबी-रुंदी, प्रत्येक मजला वेगळा, पत्र्याची पडवी आणि गोठा वेगळे. कच्ची पडवी पक्क्या घराच्याच दराने लावलेली असते, हे मोजल्याशिवाय लक्षात येत नाही. पडून गेलेली खोली वहीत तशीच उभी असते, तीही तेव्हाच कळते.

थकबाकीचं कोडं

'आम्ही दरवर्षी भरतो तरी बाकी निघते' या तक्रारीचं मूळ नमुना ८ मध्ये नसतं. ते शोधायला सगळ्या पावत्या तारखेने लावा आणि प्रत्येकीचा क्रमांक नमुना ९ मधल्या वसुलीच्या नोंदीशी ताडून बघा. जी पावती नमुना ९ मध्ये दिसत नाही, ती रक्कम एकतर दुसऱ्याच मिळकत क्रमांकावर जमा झालेली असते किंवा चढवायची राहिलेली असते. एकाच नावाची दोन माणसं गावात असली की पहिला प्रकार हमखास होतो. पावतीवर मिळकत क्रमांक लिहिल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि ऑनलाइन भरताना शेऱ्यात तो क्रमांक टाका. मूळ पावती हरवली असेल तर ग्रामपंचायतीकडे नमुना १० ची स्थळप्रत असते आणि त्या दिवसाची जमा रोकडवहीत, म्हणजे नमुना ५ मध्ये, दिसायला हवी. तारीख अंदाजे माहीत असली तरी पुरते.

वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत कर भरला तर ५ टक्के सूट मिळते. ३१ मार्चपर्यंत न भरलेल्या रकमेवर ५ टक्के दंड लागतो. सूट मागितल्याशिवाय दिली जात नाही असा बऱ्याच ठिकाणचा अनुभव आहे, म्हणून भरतानाच विचारा. कर थकला तर कलम १२९ प्रमाणे आधी बिल, मग मागणीचा लेखी हुकूम आणि तरीही भरला नाही तर जंगम मालमत्तेची जप्ती, असा क्रम आहे. ग्रामपंचायत सदस्याने बिल बजावल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर कलम १४ खाली तो अपात्र ठरू शकतो. गावातल्या थकबाकीच्या वह्या निवडणुकीच्या तोंडावर एकदम नीट होतात त्या यामुळेच.

घर कोणाचं, हे यावरून ठरतं का

नाही. नमुना ८ कर वसुलीसाठी असतो, तो मालकी हक्काचा दस्त नाही. पुष्कळ उताऱ्यांवर तळाशी तसं छापलेलंही असतं. चुलत्यांनी वीस वर्षं घरपट्टी भरली म्हणून घर त्यांचं एकट्याचं होत नाही, आणि तुम्ही एकही पावती फाडली नाही म्हणून तुमच्या वडिलांचा हिस्सा जात नाही. हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. तुमचं नाव नमुना ८ ला लागलं तरी तेवढ्याने हिस्सा सिद्ध होत नाही.

तरीही हा उतारा क्षुल्लक नाही. घर किती जुनं, कोणाच्या नावावर होतं, ताबा कोणाचा, हे दाखवायला जुने नमुना ८ फार उपयोगी पडतात, विशेषतः जिथे दुसरा कुठलाच कागद नव्हता अशा गावठाणात. अशा गावांसाठी आता स्वामित्व योजना आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ती जाहीर केली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजणीचा प्रयोग झाला होता. मोजणी झाली की भूमी अभिलेख खात्याकडून मिळकत पत्रिका आणि सनद मिळते. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या तालुका कार्यालयात मिळकत पत्रिका जरूर काढा. चौकशीच्या वेळी ग्रामपंचायतीची नोंद हाही एक आधार धरला जातो, त्यामुळे नमुना ८ मध्ये एकट्याचं नाव राहिलेलं असलं तर तेच नाव पुढे पत्रिकेत जाण्याचा धोका असतो. नोंद दुरुस्त करण्याची घाई करायची ती याच कारणाने. पत्रिकेतलं क्षेत्रफळ आणि नमुना ८ मधलं क्षेत्रफळ वेगळं दिसलं तर लगेच भांडू नका. पत्रिका जागेचं माप देते, नमुना ८ बांधकामाचं.

घर गावठाणाबाहेर शेताच्या गटात असेल तर हक्क सातबाऱ्यावरून आणि नोंदणीकृत दस्तांवरून बघायचा. आणि घर सरकारी किंवा गायरान जमिनीवर असेल, तर नमुना ८ ला नाव आणि हातात पावत्या असूनही ते अतिक्रमणच राहतं. महसुलात अशा जागांची नोंद गाव नमुना १ई मध्ये असते. गावात घर विकत घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं. फक्त नमुना ८ आणि शंभर-पाचशेच्या मुद्रांकावरची नोटरी बघून पैसे मोजणाऱ्यांचं फार नुकसान झालेलं आहे.

तुमच्या प्रकरणात पुढे काय

नावात बदल करायचा तर वारस नोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा. सोबत आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यू दाखला, वंशावळ आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र, सध्याचा नमुना ८ आणि बाकी नसल्याचा दाखला. वंशावळीत आत्या आणि बहिणी यांची नावं वगळू नका. त्यांचा हिस्सा नको असेल तर त्या नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देतील. साध्या संमतीपत्रावर नाव वगळलं तर ते पुढे टिकत नाही. अर्ज मासिक सभेसमोर जातो, ठराव होतो आणि मग नोंद. ठरावाची नक्कल त्याच वेळी मागून घ्या.

चुलत्यांशी संबंध चांगले असतील तर हा अर्ज त्यांच्या सहीने एकत्रच द्या, काम महिन्याभरात होतं. वाद असेल तर ग्रामपंचायत वारसा हक्काचा निवाडा करू शकत नाही, तो दिवाणी न्यायालयाचा विषय. पण एकट्याच्या नावाने नोंद होऊ नये म्हणून आजच लेखी हरकत देता येते.

कराच्या रकमेबद्दल तक्रार असेल तर मार्ग वेगळा. फेरआकारणीची यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकती मागवल्या जातात. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते. शहरात राहणाऱ्यांना ती दिसत नाही, म्हणून फेरआकारणीचं वर्ष कोणतं ते विचारून ठेवा आणि त्या वर्षी लक्ष ठेवा. हरकतीत 'कर जास्त आहे' एवढंच लिहू नका. क्षेत्रफळ अमुक लिहिलंय, मोजमाप अमुक भरतं, बांधकामाचं वर्ष अमुक, पुरावा सोबत, असं रकानानिहाय लिहा. निर्णय पटला नाही तर कलम १२४ खाली पंचायत समितीकडे अपील आणि त्यावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. अपील चालू आहे म्हणून चालू वर्षाचा कर थांबवू नका. 'हरकतीस अधीन राहून' असं पत्र देऊन भरा, म्हणजे दंडही लागत नाही आणि वाद मान्य केल्यासारखंही होत नाही.

सुरुवात मात्र हरकतीच्या अर्जापासून करा. अर्जावर मिळकत क्रमांक, मालक म्हणून आजोबांचं नाव आणि 'आम्हास नोटीस दिल्याशिवाय व सुनावणी घेतल्याशिवाय नावात कोणताही बदल करू नये' एवढं स्पष्ट लिहा. दोन प्रती न्या. एक दप्तरी द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. आवक क्रमांक नसलेल्या नुसत्या सहीला पोच मानू नका, कारण आवक नोंदवहीत ज्या अर्जाची नोंद नाही तो अर्ज पुढे शोधूनही सापडत नाही.